रश्मीच्या गळ्याचं माप

वंदनाबाईच्या तोंडाला लागायची खुर्सीपार वस्तीत कोणाची छाती नव्हती. बाप रेल्वेत गँगमन, नागपूरकडून दुर्ग लायनीवर आलेला, आणि त्याच्या शिव्या बाईनं वारसाहक्कानं उचललेल्या. तीस वर्षं ती ब्लाउज शिवत होती. फक्त ब्लाउज. कोणी फ्रॉक घेऊन आलं तर त्याला दारातूनच वाटेला लावायची.

अशा बाईच्या दुकानात वस्तीतल्या दुर्गाबाईनं आपल्या पोरीचा, रश्मीचा, पदर बाजूला केला, आणि वंदनाबाईची वाचाच गेली. रश्मीचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. नोकरी सोडत नाही म्हणून तिच्या नवऱ्यानं, प्रितमनं, तिचे केस मुठीत धरून संडास साफ करायचं ॲसिड तिच्यावर ओतलं होतं. तिनं तोंड फिरवलं म्हणून डोळे वाचले. हनुवटी, गळा, छाती, सगळीकडची चामडी दुधावरच्या सायीसारखी गोळा होऊन निघाली होती. आता जखम भरत होती, पण भरणारं मांस हनुवटी खाली ओढत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गळ्यावर घट्ट पट्टा वर्षभर, दिवसाचे तेवीस तास हवा, नाहीतर हनुवटी छातीला चिकटेल. तयार आणलेला पट्टा एकीकडे ढिला, एकीकडे काचत होता.

मापाचा पट्टा शिवून द्यायला वंदनाबाईनं साफ नकार दिला. आपण काही दवाखाना नाही उघडला, म्हणाली. तेव्हा रश्मी जमिनीकडे बघतच बोलली, कारण दुसरीकडे बघणं तिला जमतच नव्हतं.

"काकू, माह्या लग्नाचं बिलाउज तुमीच शिवलं होतं. माह्या अंगाचं माप तुमच्याशिवाय कोणाले माहीत हाय?"

वंदनाबाईनं त्या प्रितमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि टेप काढली.

ताणणारं कापड रायपूरहून आणलं. दोन रात्री खपून पट्टा शिवला आणि तिथंच माती खाल्ली. आमच्याकडे कोणताही दर्जी आतून दोन बोटं माया सोडतोच. लग्नानंतर बाई भरते, मग उसवून मोठं करता येतं. तीस वर्षांच्या हातानं इथंही माया सोडली, आतल्या बाजूनं. चौथ्या दिवशी पट्टा काढताना शिवणीबरोबर कोवळी चामडी सोलून आली. रश्मी किंचाळली. वंदनाबाईनं रक्त पाहिलं आणि स्वतःच्या थोबाडीत इतक्या जोरात मारली की शेजारचा पंक्चरवाला उठून आला.

दुसरा पट्टा उलटा शिवला. आत गुळगुळीत, शिवण सगळी बाहेर, आणि माया सुताचीही नाही. ब्लाउजमध्ये श्वासाला जागा द्यायची सवय, इथं जागा दिली की पोरीची मान गेली. तो नेमका बसला. डॉक्टर म्हणाले, असाच दर महिन्याला नवा लागेल.

मग प्रितम जामिनावर सुटला. भरदुपारी दुकानात आला आणि म्हणाला, रश्मीला पोलिसांत दिलेलं बयान बदलायला सांग. वंदनाबाईनं त्याला जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं कात्री उचलली आणि टेबलावरचा नवा पट्टा तिच्या डोळ्यांदेखत कापून टाकला. हा पट्टा गेला म्हणजे रश्मीचं काय जाणार, हे त्या मेल्याला पक्कं ठाऊक होतं. वंदनाबाईनं तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर दाबली. कातडं चरचरलं. त्यानं बोंबलत तीच इस्त्री हिसकली, तिचा उजवा पंजा टेबलावर दाबला आणि दोनदा हाणली. दोन बोटं मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. मग पंक्चरवाला पाना घेऊन धावला आणि सगळ्या गल्लीनं प्रितमला तुडवला. पोलीस आले नसते तर तो मेलाच असता. पोलीस आले याची वंदनाबाईला आजही खंत आहे.

पण आता हाताला प्लास्टर होतं. रश्मीच्या गळ्यातला पट्टा सैल पडला होता आणि दुर्गाबाईला सुई दिसत नव्हती. वंदनाबाईनं रश्मीलाच बोलावलं, टेप तिच्या हातात दिली आणि ट्रायलचा आरसा समोर ठेवला. दुर्गाबाईनं घरातले आरसे कधीच काढून टाकले होते. रश्मीनं डोळे मिटले.

"डोये उघड," वंदनाबाई म्हणाली. "आंधयागत माप घेता येते का?"

रश्मीनं डोळे उघडले. खाली ओढलेली हनुवटी पाहिली. मग तिनं टेबलावरची इस्त्री उचलून आरशात घातली. काचा पार दारापर्यंत उडाल्या. घशातून निघत होता तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. दुर्गाबाई तिला आवरायला उठली, वंदनाबाईनं तिला खाली बसवलं. फोडू दिलं तिनं, तोडू दिलं, दमू दिलं. मग तळव्याएवढा तुकडा डाव्या हातानं उचलून भिंतीला टेकवून धरला. तो धरताना तिची बोटंही चिरली.

"आता घे," ती म्हणाली. "हनुवटीपासून गयाच्या हाडापर्यंत."

रश्मीनं टेप लावली आणि वाचलं. साडेतीन इंच. मागच्या महिन्यात वंदनाबाईनं घेतलं तेव्हा तीनच भरलं होतं. हनुवटी अर्धा इंच वर सुटली होती, वंदनाबाईचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा साडेतीन.

"काकू, चूक झाली का माही?" रश्मीनं विचारलं.

"नाही व माय," वंदनाबाई म्हणाली, आणि बोटं मोडली तेव्हा न रडलेली ती बाई रडायला लागली. "लिही. साडेतीन लिही."