रुमालाखालचा समुद्र

हिंदुस्थानच्या आरमाराचा कारभार दिल्लीहून चालतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, यावं आणि माझ्या बायकोच्या मामांच्या आडतीत तासभर बसावं. समोर सोयाबीनची पोती, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर रुमाल आणि तोंडात तांबडा समुद्र. मामांनी समुद्र पाहिलेला नाही, तांबडा नाही की निळा नाही. पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता आणि पूजेपुरता. पण त्यांचा धाकटा मुलगा नौदलात लागला, त्याचं जहाज दूर कुठंतरी गस्तीला गेलं, आणि मामांचं आडतीतलं लक्ष उडालं. दहशतवाद्यांची हत्यारं समुद्रातून इकडून तिकडं जाऊ नयेत, मालाची जहाजं सुखरूप पोचावीत, म्हणून पुष्कळ देश मिळून तिथं पाळत ठेवतात आणि आपलं आरमारही त्यात हातभार लावतं, एवढं मुलानं जाताना सांगितलं होतं. त्यापुढचं सगळं मामांनी स्वतःच ठरवलेलं आहे.

आधी त्यांच्या रुमालाबद्दल सांगायला हवं. पूर्वी मोंढ्यात आणि बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नसे. आता उघड लिलाव होतात, तो प्रकार बंद झाला. फक्त हे मामांना कुणी कळवलेलं नाही. मेथीची जुडीसुद्धा ते रुमालाखाली ठरवतात. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं ठेवून बसले असताना, बोलता येईना म्हणून, किती दात काढणार ते त्यांनी रुमालाखाली विचारलं. डॉक्टर घाबरले आणि नाडी बघू लागले.

माझ्या लग्नाच्या बैठकीत तर कमालच झाली. माझे वडील नांदेडचे, पोस्टातले, सरळमार्गी गृहस्थ. बोलणी चालू असताना मामांनी अचानक त्यांच्या हातावर रुमाल टाकला. वडिलांना वाटलं, उदगीरकडची काही रीत असेल. त्यांनी रुमालाखाली मामांचा सगळा हात प्रेमानं दाबला. मामा "मंजूर!" म्हणून उठले आणि सगळ्यांना पेढे वाटले. लग्नाच्या दिवशी उदगीरहून पाचशे माणसं जेवायला उतरली तेव्हा उलगडा झाला, की एक बोट म्हणजे शंभर पाहुणे. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी दोनच बोटं मागितली होती, जावईबापू. तुमच्या वडलांनी आख्खा पंजा दिला. लई मोठ्या दिलाचा मानूस!" त्यानंतर वडील कुणाच्या हातात हात देताना दोनदा विचार करायचे.

मी शाळेत भूगोल शिकवतो. हे मामांना माहीत आहे, त्यामुळे माझी सुटका नाही. आडतीच्या गादीवर त्यांनी जगाचा नकाशा अंथरला आणि त्यावर आरमार मांडलं. आपली जहाजं म्हणजे हरभरा, दोस्त देशांची म्हणजे तूर, मालाची जहाजं सोयाबीन, आणि दहशतवादी म्हणजे मोहरी, कारण ती बारीक असते आणि कुठंही घरंगळते. शेतकरी भाव विचारायला आला की मामा म्हणत, "थांब जरा, अरबी समुद्रात गडबड हाय." शेतकरी बिचारा नकाशाकडे बघून चप्पल काढून बसायचा. एका सकाळी मला नांदेडला फोन आला. उंदरांनी अख्खं आरमार फस्त केलं होतं. "मोहरी तेवढी उरली हो, जावईबापू," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मला हसायचं धाडस झालं नाही.

उदगीरला गेलो की माझी परीक्षा असायची.

"ह्या गस्तीचा मुकादम कोन?"

"तसा एक मुकादम नसतो, मामा. देश आपसात ठरवतात."

"मतलब मोंढ्यातल्या राखणीसारखं. समद्यांनी मिळून माल राखायचा."

"साधारण तसंच."

"मग ज्या मुलखाशी आपलं जमत न्हाई, त्याचं जहाज अडचणीत आलं तर?"

"वाचवायचं."

"आन् त्यानं आपलं?"

"वाचवावं, अशी अपेक्षा."

मामांनी रुमालानं मान पुसली. "जहाज एकाचं, माल दुसऱ्याचा, वरची मानसं तिसऱ्याची. मग आपल्या पोरानं वाचवलं कुनाला?"

मी चहाची बशी तोंडाला लावली. खरं म्हणजे मलाही ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात महासागर शिकवताना तोच प्रश्न डोक्यात आला आणि मी नकाशावर छडी ठेवून तसाच उभा राहिलो. भूगोलात समुद्राच्या खोलीचे आकडे असतात. कोण कुणासाठी जीव धोक्यात घालतं, ते नसतं.

एकदा मामा नांदेडला आमच्याकडे आले आणि गोदावरीवर होडीत बसायचं म्हणून हटून बसले. होडीवाल्याला त्यांनी फक्त "गस्त घाल" असं सांगितलं. तो गांगरला, पण वल्हवू लागला. मामा पुढच्या टोकाला, कपाळावर आडवा हात धरून. "जावईबापू, तिकडं काळं काळं हलून राहिलंय. इशारा द्या!" त्या म्हशी होत्या. त्यांना इशारा देऊन झाला. म्हशींनी दखल घेतली नाही. मी पोट धरून हसत होतो, तेवढ्यात होडी वळली आणि जराशी कलली. मामांनी दोन्ही हातांनी काठ पकडला, डोळे मिटले, आणि घाटाला लागेपर्यंत उघडलेच नाहीत. पायरीवर बसल्यावर म्हणाले, "एवढ्याशा पान्यात हे असं होतंय. तो झोपत कसा असंल?"

माझं हसू तिथंच थांबलं.

कारण सगळा घोळ तोच होता. जहाज बंदरातून निघालं की मुलाचा फोन बंद. मधूनच कधी लागला, तर मामी विचारायच्या, "जेवलास का?" आणि त्यांना उत्तर मिळायचं. मामा विचारायचे, "कुठं हाईस?" आणि पलीकडून यायचं, "अप्पा, ते सांगता येत नाही." जन्मभर दुसऱ्यांना कळू न देता भाव ठरवलेल्या माणसाला स्वतःच्या पोराचा ठावठिकाणा कळत नव्हता. "बरोबर हाय त्याचं," ते चारचौघांत म्हणायचे, "रुमालाखालचं बाहेर फोडायचं नसतं." आणि चारचौघं उठून गेले की मला विचारायचे, "पन अंदाजे कुठं असंल?"

मग ती बातमी आली. एका मालवाहू जहाजावर हल्ला झाला होता आणि आपलं लढाऊ जहाज मदतीला धावलं होतं. कोणतं जहाज, ते टीव्हीवाले सांगत नव्हते. मी लगेच उदगीरला गेलो. आडत उघडी होती, पण नकाशावरचे सगळे दाणे मामांनी झाडून टाकले होते. एकच हरभरा त्यांच्या मुठीत होता. "हा कुठं ठिवू?" त्यांनी विचारलं. मी भूगोलाचा शिक्षक, मी नकाशाकडे पाहिलं. निळा रंग केवढा पसरलेला असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. "राहू द्या मुठीत," मी म्हणालो. मामी आतून दर थोड्या वेळानं चहा पाठवत होत्या आणि तो तसाच गार होत होता.

काही दिवसांनी फोन आला. बरा होता. जेवला होता. तेच जहाज होतं का? सांगता येत नाही.

तो रजेवर आला तेव्हा मीही भेटायला उदगीरला गेलो. उंच झालेला, काळवंडलेला, कमी बोलणारा. मामा त्याच्याभोवती घिरट्या घालून आडून आडून खडा टाकून बघायचे. "तिकडं ऊन लई असंल?" "असतं." "मानसं कुठली कुठली भेटत असतील?" "सगळीकडची." एकदा त्यांनी नकाशा सहज म्हणून त्याच्या ताटाजवळ पसरला. मुलानं हसून त्यावर वरणाची वाटी ठेवली, तीही नेमकी हिमालयावर.

रजा संपली. उदगीरच्या स्टेशनवर आम्ही त्याला गाडीत बसवलं. मामी डबा देऊन डोळे पुसत मागे सरकल्या. मामांनी खिडकीच्या गजातून हात आत घातला आणि त्यावर रुमाल टाकला. मुलगा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्यानं आपला हात खाली सरकवला.  शिट्टी झाली, गाडी हलली, मामा दोन पावलं बरोबर चालले, आणि मग हात सुटले.

"काय सांगितलं त्यानं?" मला राहवलं नाही.

"रुमालाखालचं बाहेर सांगत नसतेत, जावईबापू."

आम्ही स्टेशनाबाहेर पडलो. मामी रिक्षानं घरी गेल्या. मामा म्हणाले, आपण चालत जाऊ. रस्त्याला लागलो. मग हळूच म्हणाले, "कुठं व्हता ते न्हाई कळलं. आख्खा पंजा दाबला त्यानं, तुमच्या वडलांसारखा. आता त्याचा आकडा काय धरावा?"  थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "घट्टे पडलेत हो हाताला. आपल्या घरात कुनाचा हात असा नव्हता."

त्यांचा उजवा हात अजून रुमालाखालीच होता. मोंढ्यात एका ओळखीच्या आडत्यानं हाक मारून भाव विचारला, तर मामांनी नुसती मान हलवली. रुमाल त्यांनी काढला नाही, आणि मीही काढा म्हटलं नाही.