शेवंतीचा गुच्छ

बरोबर अकरा वाजले की नलिनीताई आपल्या कपावर तळहात ठेवायच्या. "खलास, भाऊ! आता दुधाची कॉफी नाही. इटलीत सकाळ सरली की कोणी दुधाची कॉफी पीत नाही." त्या इटलीला कधी गेलेल्या नव्हत्या. आम्ही बसलेलो असायचो बहरीनमध्ये, तुबलीतल्या संगमरवर कापायच्या कारखान्यात, आणि बाहेर करवतीचा आवाज कान किटवत असायचा.

नलिनीताई वानखेडे मूळच्या वर्ध्याकडच्या. अठरा वर्षं त्या आमच्याकडे ड्राफ्ट्समन होत्या; बुदैयाच्या व्हिलांमधले कितीतरी जिने त्यांनी कागदावर आखलेले आहेत. मी स्टोअर सांभाळतो. इटलीहून दगडाची खोकी आली की त्यांवरची नावं त्या वहीत उतरवून घ्यायच्या. नावांवरून गावं, गावांवरून भाषा, भाषेवरून तिथल्या जुन्या इमारती असं करत बाई त्यात पार बुडाल्या. जेवणाच्या सुट्टीत हातात पोळीचा घास आणि कानात इटालियनचा धडा. आम्ही चेष्टा केली की म्हणायच्या, "हसा नं बाप्पा. दगड आपण रोज कापून राहिलो. जोडतात कसा, ते मले पाहायचं आहे."

आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना तिकडे प्रवेश मिळाला. जुनं दगडी काम दुरुस्त करायला शिकवणारा एक वर्षाचा कोर्स. साहेब वर्षभराची रजा देईनात. राजीनामा द्यायचा तर इथला व्हिसा रद्द, आणि या वयात पुन्हा नोकरी मिळेल याची खात्री नाही. बाईंनी आठवडाभर विचार केला आणि राजीनामा टेबलावर ठेवला. खरं सांगतो, इटलीचा व्हिसा नाकारला जावा असं मला मनातून वाटत होतं. त्या गेल्यावर मी डबा कुणासोबत खाणार होतो?

व्हिसा आला. शेवटच्या गुरुवारी केक, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड, ग्रुप फोटो असं सगळं साग्रसंगीत झालं. फुलं माझ्याकडे होती. मनामातल्या फुलवाल्याकडे पिवळीधमक शेवंती दिसली आणि मी भला मोठा गुच्छ बांधून घेतला. शुभकार्याला शेवंती हवीच, एवढंच माझं ज्ञान. नलिनीताईंनी गुच्छ हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, तिकडं ही फुलं मेलेल्या माणसाले वाहतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमचा बहरीनी फोरमन हुसेन पुढे झाला. "मफी मुश्किल, कोई बात नहीं, मैं फेक देता हूँ."

"फेकना नहीं, हुसेन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी अजून बहरीनमध्येच आहो नं?" आणि एक फूल तोडून त्यांनी केसांत खोवलं. हुसेनने सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी त्यांना माहूजला घरी सोडायला निघालो, तेव्हा मात्र गुच्छ मांडीवर घेऊन त्या गाडीत रडल्या. "या वयात मी हे काय करून राहिली? नाही जमलं तं?" मग व्हिसा मिळू नये असं वाटत होतं, हे मी कबूल करून टाकलं. त्या रडता रडता हसायला लागल्या. "असं होय! मग तं आता जावंच लागते."

त्या गेल्या. पहिले दोन महिने मी एकट्याने डबा खाल्ला. नोव्हेंबरात त्यांचा फोटो आला. तिकडे त्या दिवसांत आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतात, म्हणून दुकानं शेवंतीने भरलेली. बाईंनी एक कुंडी विकत घेऊन खोलीतल्या छोट्या बुद्धमूर्तीसमोर ठेवली होती. खाली त्यांचा निरोप होता.

"घरमालकीण कुंडी पाहून घाबरली, भाऊ. हळूच विचारते, कोण गेलं? मी तिच्याच भाषेत सांगितलं, गेलं कोणी नाही. मी आली."