पाणी उडवल्याची तक्रार

"तुम्ही जरा थांबा."

एवढंच बोलला तो. अंगात पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. हात आडवा केला तोही माझ्यासमोर नाही, माझ्या भाचीसमोर. नऊ वर्षांची पोर. तिच्या दोन्ही बाजूंनी लोकं पाण्यात चालली होती. पोट सुटलेले बापे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, एकमेकांना ढकलणारी कॉलेजची पोरं. कुणालाच हात आडवा नव्हता. फक्त तिलाच.

संबोधीनं वर माझ्याकडं बघितलं. "आत्या, आपल्याला कामून न्हाई जाऊ देऊन राहिले?"

मला उत्तर माहीत होतं.

मी लातूरला राहते. वीज ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची बोलणी खाते, शिव्याही खाते. शेजाऱ्यानं आकडा टाकला म्हणून कुणी सांगत येतो, तर आम्ही आधी माणूस पाठवून बघतो. एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याचं मीटर काढून आणत नाही. एवढी अक्कल आमच्या सरकारी खिडकीला आहे. त्या वॉटर पार्कच्या काचेच्या काऊंटरला ती नव्हती.

माझी माय आणि धाकटा भाऊ मिलिंद गावाकडं असतात, भोकर तालुक्यात. मिलिंद गावच्या मालकांचा ट्रॅक्टर चालवतो. संबोधी त्याची लेक. कुणाच्यातरी मोबाईलवर तिनं त्या पार्कातल्या लाटा बघितल्या होत्या, तेव्हापासून माझ्या डोक्याशी तिची भुणभुण. "आत्या, लाट खरीच येती का? माणूस वाहून जातं का?" शेवटी एका रविवारी मी नांदेडला आले. ती अन् माय भोकरहून एसटीनं आल्या. मिलिंदला मालकांनी सुट्टी दिली नाही. मालकांच्या घरचे कुठंतरी बाहेर चाललेत, मळ्यावर तूच पाहिजे, असं सांगितलं होतं म्हणे. कुठं चालले होते ते आम्हाला तिथं गेल्यावर कळलं.

तिथं साडी चालत नाही, सुती कपडा चालत नाही. नायलॉनचा ड्रेस भाड्यानं घ्यायचा. सगळ्यांना एकच निळा रंग. मायनं तो हातात धरून बघितला अन् परत दिला. "मला न्हाई बाई असला चोळणा चढायचा. तुमी जा, मी हितंच बसते." पाण्याच्या काठाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मी अन् संबोधी निळ्या झालो. पाण्यात सगळेच निळे. कोण कुठल्या गल्लीतलं, कुणाच्या गळ्यात किती तोळे, काही कळायला मार्ग नाही. खरं सांगते, मला लई बरं वाटलं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणी मला वरपासून खालपर्यंत बघून ओळख काढली नाही.

मग भोंगा वाजला. लाटा सुरू झाल्या. सगळी माणसं एका सुरात ओरडली. जो तो ज्याच्या त्याच्या अंगावर पाणी उडवत होता. एका म्हाताऱ्यानं माझ्याच तोंडावर उडवलं आणि हसला. मीही हसले. तिथं येऊन दुसरं करायचं तरी काय असतं?

तेवढ्यात संबोधी किंचाळली. "वैनीसाब! ओ वैनीसाब! मी संबी! ट्रॅक्टरवाल्या मिलिंदची!"

आणि दोन्ही ओंजळी भरून समोरच्या बाईच्या तोंडावर पाणी फेकलं.

मालकांची सून होती. निळ्या ड्रेसात मी तर ओळखलीच नव्हती. तिनंही आम्हाला ओळखलं नसतं, पोरीनं हाक मारली नसती तर. पण गावचं माणूस परक्या जागी दिसलं, हरखली बिचारी पोर. रोज त्यांच्या अंगणात बापाचा डबा घेऊन जाते. पायरी चढत नाही, कुणी चढ म्हणत नाही. इथं पायरीच नव्हती, मग तिला वाटलं इथं चालतंय.

तोवर ती बाई हसत होती. पाणी तोंडावर पडलं तेव्हाही हसतच होती. मग पोरीचं बोलणं तिच्या ध्यानात आलं. हसायची थांबली. हातानं तोंड पुसलं. परत पुसलं. मग नवऱ्याकडं वळून काहीतरी बोलली.

तिचा नवरा, म्हणजे आमचा छोटा मालक, आमच्याकडं बघत पाण्यातून बाहेर पडला. चिडला नाही, ओरडला नाही. सावकाश काऊंटरकडं गेला. त्याची ती सावकाश चाल मी लहानपणापासून बघितलेली. असा चालत तो कुणाच्या दारात गेला की त्या घरातली माणसं आधी चूल विझवून बाहेर येऊन उभी राहतात.

मी संबोधीचा हात धरला. "चल, तिकडं घसरगुंडीवर जाऊ."

"अजून एकच लाट, आत्या."

काचेमागं छोटा मालक काहीतरी बोलत होता. आतला टाय घातलेला मॅनेजर मान डोलवत होता. माझ्याकडं कुणी बोट केलं नाही. नुसतं बघितलं. पिवळ्या टी-शर्टवाल्याच्या कमरेचा वायरलेस खरखरला. तो आमच्या बाजूला सरकला. दुसऱ्या टोकाचा तोही सरकला. आणि लाटा थांबल्या. एकदम. इतका वेळ ओरडणारी माणसं गप्प झाली, तेव्हा गाण्याचा आवाज भसाभसा ऐकू यायला लागला. मग गाणंही बंद झालं.

"सर्व पाहुण्यांनी कृपया पाण्याबाहेर यावे. स्वच्छतेचे काम करायचे आहे."

सगळे कुरकुरत बाहेर आले. आम्हीही आलो, मायच्या खुर्चीजवळ उभ्या राहिलो. एक माणूस बादली घेऊन आला आणि पांढरी पावडर पाण्यात फेकायला लागला. सगळीकडं नाही. जिथं आम्ही होतो, त्या कोपऱ्यात.

मायनं पिशवी खाली ठेवली. "हे काय टाकून राहिले गं?"

"पावडर हाय माय. पानी साफ करायची."

"साफ? आपून निगाल्यावर?"

माय त्या बादलीकडं बघत राहिली. विहिरीची एक गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली होती. तिचं माहेरही आमच्याच गावातलं. मोठा दुष्काळ होता, माय संबोधीएवढी होती. मालकांच्या विहिरीवर आपली माणसं लांब उभी राहायची, वरून कुणी पाणी वाढलं तर घागर भरायची. एकदा वाढणाऱ्या बाईच्या लुगड्यावर मायच्या घागरीतला थेंब उडाला. त्या दिवशी विहिरीत गोमूत्र ओतलं. मायच्या बापाला चावडीपुढं उन्हात बसवलं. तेव्हापासून माय पाणी ओतताना घागर अंगाला चिकटवून धरते. नळाखालीसुद्धा.

"तसंच हाय," माय म्हणाली. "बादली तेवढी नवी हाय."

शिट्टी वाजली. लोकं परत पाण्यात चालली. आणि तो हात आडवा आला.

मग कोट घातलेली एक पोरगी आली. गोड बोलत होती. "मॅडम, दुसऱ्या गेस्टची कम्प्लेंट आहे. बिहेवियरची."

"कसलं बिहेवियर?"

ती जरा अडखळली. "पाणी उडवलं अंगावर."

"पाण्यात?"

"मॅडम, आमची पॉलिसी आहे. कम्प्लेंट आली की आम्ही लगेच अ‍ॅक्शन घेतो."

"मला विचारलं का कुणी? हिला विचारलं? समोर बघा, तो माणूस काय करतोय? ती पोरं काय करतायत? सगळा तलाव पाणी उडवून राहिला!"

तिनं समोर बघितलं नाही. "मॅडम, मागं लहान मुलांचा पूल आहे. तिथं कोणी नसतं. बेबीला तिकडं घेऊन जा. आणि हे आमच्याकडून आईस्क्रीम, तिघींना."

कूपन पुढं केलं. संबोधीचा हात लगेच वर आला. लेकरूच ते. आईस्क्रीम म्हटल्यावर हात येणारच. पण तो हात बघून माझ्या डोक्यात सणक गेली. तिच्या बापालाही असंच. पाडव्याला शर्टाचा कपडा, पोळ्याला पुरणपोळी, मागच्या दारानं. आणि आपण वर हात जोडायचे. ही पोर मागच्या तलावात गेली असती, आईस्क्रीम खात. मजेत गेली असती. आणि पुढच्या वेळी न सांगताच मागं गेली असती. या विचारानं मला खरोखर भीती वाटली. छोट्या मालकाची वाटली नव्हती एवढी.

"नको," मी म्हणाले. "संबी, हात खाली घे."

तेवढ्यात छोटा मालक जवळ आला. आवाज तोच, मऊ. "बाई, लातूरला नोकरीला लागलीस, चांगलं झालं. पन माय तुझी गावातच ऱ्हाती ना? भाऊ बी माझ्याच ट्रॅक्टरवर हाय. मंग कामून फिजूल तमाशा करून राहिली? निगा गुमान."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. लहानपणी मी यांच्या घरच्या माणसांच्या पायाकडं बघायची. चेहरा कसा असतो ते मला त्या दिवशी नीट दिसलं. साधाच चेहरा होता, नाकावर पाण्याचे थेंब.

मी खाली वाकले. त्या आडव्या हाताखालून संबोधीला घेतलं आणि सरळ पाण्यात गेले. त्याच कोपऱ्यात. पावडरीच्या वासानं डोळे चुरचुरत होते. मी खाली बसले. पोरीला शेजारी बसवलं.

"टाका आता पावडर," मी म्हणाले. "आम्ही बसलोय."

शिट्ट्या सुरू झाल्या. लाटा परत बंद झाल्या. सगळ्या तलावाची तोंडं आमच्याकडं. कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, तुमच्या एकीपायी सगळ्यांचा रविवार वाया." दुसरा म्हणाला, "यांचं नेहमीचंच असतं." तो मघाशी माझ्यावर पाणी उडवून हसलेला म्हातारा होता. आता माझ्याकडं बघत पण नव्हता. माणसं मागं सरकत सरकत गेली, आणि आमच्या भोवती नुसतं पाणी उरलं. संबोधी माझ्या दंडाला घट्ट धरून बसली होती. दात वाजत होते तिचे. ऊन रणरणत होतं तरी.

काठावरून माय ओरडली, "फोन वाजून राहिला तुझा!" मग तिनं स्वतःच घेतला. मिलिंद होता. माय फोन स्पीकरवर टाकूनच बोलते, तो काय बोलला ते मला पाण्यात ऐकू आलं. इथून गावाकडं फोन गेला असणार, त्याला मालकांनी ट्रॅक्टरवरून उतरवलं होतं. चावी काढून घेतली होती. तो म्हणत होता, ताईला सांग, माफी माग, पाया पड, मी रस्त्यावर आलो.

मायनं फोन पिशवीत टाकला. मला वाटलं, आता ती म्हणणार, ऊठ, चल घरी. म्हणाली असती तर मी उठले असते. तिला गावात राहायचं होतं, मला नाही.

ती खुर्चीवरून उठली. चपला काढून नीट जोडून ठेवल्या. आणि नऊवारीसकट पाण्यात उतरली.

"आजी! साडी अलाऊड नाही! साडी अलाऊड नाही!" पिवळा टी-शर्ट धावत आला.

माय आमच्याजवळ येऊन बसली. पदर पाण्यावर तरंगायला लागला. दोन्ही हात पाण्यात घातले, बराच वेळ तसेच ठेवले. मग संबोधीला म्हणाली, "उडव की गं पानी. कामून बसलीस गुमान?"

शेवटी पोलीस आले. आम्हाला बाहेर काढलं. ठाण्यात मी तक्रार दिली. साहेब म्हणाले, "पाणी उडवण्यावरून कुठं अ‍ॅट्रॉसिटी होती का बाई?" मी म्हणाले, "तेच तर लिहा."

मी दोघींना म्हणाले, लातूरला चला माझ्याकडं. मायनं ऐकलं नाही. "घर माझं तितं हाय." मग मीही त्यांच्याबरोबर गावाला गेले. फाट्यावर उतरलो तेव्हा मालकांची जीप उभी होती. आत माणसं होती. कुणी उतरलं नाही, कुणी बोललं नाही. आम्ही चालायला लागलो तशी ती आमच्या मागं, माणसाच्या चालीनं, पार वस्तीपर्यंत आली.

अजून येते. मिलिंद फाट्यावर उतरला की येते. माय दळण घेऊन निघाली की येते. मिलिंद हदगावला मजुरीला जातो, माझ्याशी बोलत नाही. गावातून निरोप येतात, तक्रार मागं घे, ट्रॅक्टरची चावी परत मिळंल. परवा खुद्द छोट्या मालकाचा फोन होता. म्हणाला, "पोरगी शाळेत एकलीच जाती ना गं तुझ्या भावाची?" बस, एवढंच. मी तोही शब्द न् शब्द ठाण्यात जाऊन लिहायला लावला. आता पोरीबरोबर शाळेपर्यंत माय जाते, आणि वस्तीतल्या बाया आळीपाळीनं जातात.

त्याच्या एका तक्रारीवर सगळ्या तलावाचं पाणी थांबलं होतं. माझ्या तक्रारीवर अजून कुणी खुर्चीवरून हललेलं नाही. पण मीही खिडकीवर बसणारी बाई आहे. चिवट तक्रारदार कसा असतो ते मी रोज बघते. मी दर आठवड्याला लातूरहून नांदेडच्या ठाण्यात जाते, बाकावर बसते. साहेब विचारतात, "बाई, मागं घ्यायला आलात का?"

मी म्हणते, "न्हाई. पुढं सांगायला आले."