सगळ्यांची नावं टाकणारे मामा

जगातल्या प्रत्येक माणसाचं नाव कुठल्या ना कुठल्या पत्रिकेत आलंच पाहिजे, अशी आमच्या मामेसासऱ्यांची, म्हणजे बायकोच्या मामांची, श्रद्धा आहे. जाफराबादेत त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका छापणं हा धंदा आणि छापायच्या आधी ती सात वेळा तपासणं हे व्यसन. यादी हातात आली की विचारत, "थोरल्या चुलत्याचं नाव कुठंय?" यजमान म्हणे, "बोलनं न्हाई त्यायच्याशी." "बोलू नका, पन नाव टाका," म्हणत मामा ते स्वतःच जोडत. यातून दोन भांडणं मिटल्याचं मला ठाऊक आहे. पेटलेली मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही.

पुढे छापखान्यात संगणक आला, तोही लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा, कारण लिनक्स फुकट मिळतं आणि उघडून बघता येतं. पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम मामांनी स्वतः लिहिला. कागद केवढा, कुणाच्या पत्रिकेवर कोणता देव, असल्या सूचना एका फायलीत असत. ती फाईल वाचून प्रोग्रॅमला समजावण्याचं काम परदेशातल्या कुणी लिहिलेली एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार तुकडा, करी. लिनक्सच्या नव्या आवृत्तीत ती नसणार, असं एकदा कळलं. तिचं पॅकेज, म्हणजे लिनक्ससोबत द्यायचं गाठोडं, बांधायला कुणी उरलं नव्हतं. ती गेली तर मामांचा प्रोग्रॅमही गेला. मी भेटायला गेलो तेव्हा मामा संगणकासमोर घाम पुसत होते. "काय चाललंय?" "गाठोडं बांधून राह्यलो, जावईबापू. दुसरं कोन बांधनार?"

फ्लॉपी जेवणाच्या डब्यात घालून ते एसटीनं जालन्याला जात आणि तिथल्या इंटरनेट कॅफेतून लिनक्सवाल्यांना पॅकेज पाठवत. पहिलं परत आलं. 'जबाबदार व्यक्ती' या जागी मामांनी थोरल्या भावापासून धाकट्या पुतण्यापर्यंत चौदा नावं टाकली होती, निमंत्रकांची टाकतात तशी. तिकडे एकच नाव हवं होतं. पण थोरला भाऊ हयात असताना स्वतःचं एकट्याचं कसं टाकणार? मामा त्यांच्याकडे परवानगी मागायला गेले. दादांनी विचारलं, "कायची जबाबदारी हाय?" "लोकायच्या तक्रारी ऐकाच्या." "मंग तुझंच टाक बिलकुल," दादा म्हणाले.

नव्या आवृत्तीत काय काय जाणार, ती यादी बंद व्हायला आठवडा उरला होता. सातव्या तपासणीत मामांना लायब्ररीच्या एका कोपऱ्यातल्या फायलीत भलत्याच माणसाचं नाव सापडलं. तेवढा तुकडा त्यानं लिहिलेला, पण कुठला भाग कुणी लिहिला आणि वापरायला दिला, त्या हक्कदारांच्या यादीत तो कुठेच नाही. लायब्ररीच्या मूळ लेखकानं कळवलं, जाऊ द्या, कुणी बघत नाही. मीही तेच म्हणालो. मामा भडकले. "ज्यानं राबून दिलं त्यालाच इसरायचं? त्याला इचारल्याबिगर मी न्हाई पाठवत."

त्या माणसाला पत्र गेलं. उत्तर आलं नाही, मुदत टळली, नवी आवृत्ती लायब्ररीविनाच निघाली. मामा जुन्या आवृत्तीवर पत्रिका छापत राहिले आणि मला त्यांचा मनापासून राग आला. चार महिन्यांनी उत्तर आलं: हे मी लिहिल्याचं मीच विसरलो होतो, खुशाल वापरा, आठवण ठेवलीत, बरं वाटलं. त्यापुढच्या आवृत्तीत मामांचं पॅकेज दिमाखात गेलं.

आता मामांना बारीक अक्षरं दिसत नाहीत. पॅकेज दूरदेशीचं दुसरं कुणी सांभाळतं. परवा मी ऑफिसातल्या संगणकावर पॅकेजमधली ती हक्कदारांची यादी उघडली आणि त्यांना फोन लावला. "मामा, तुमचं नाव अजून आहे!"

"माझं राहू द्या. त्याचं हाय का?"

"आहे. तुमच्या वरच आहे."

"मंग बराबर." मग मामा म्हणाले, "सगळीच नावं वाचून दाखवा बरं. सात वेळा नको, एकडाव पुरे."

मी दोनदा वाचली.