वारा सुटला की विमानं बांधा!

जोराचा वारा सुटला की उड्डाणं बंद! विमानं दोरखंडाने बांधायची आणि कँटीनमध्ये जाऊन बसायचं. ऐंशीच्या दशकात अंधेरी बाजूच्या एका फ्लाइंग क्लबात मी मेकॅनिक होतो, तेव्हा आमचं असंच चालायचं. आता इतकी रिकामी माणसं चहाला बसल्यावर किस्से साचणारच ना यार!

*

आमची विमानं दोन सीटची, पंख कापडाचे. खालून वाऱ्याचा झोत शिरला की उलटलंच म्हणून समजा. त्यामुळे जमिनीवर चालवतानासुद्धा पंखांना माणसं लटकायची. आमच्या परबची भरती त्यासाठीच झाली. मुख्य प्रशिक्षक कॅप्टन गुप्ते शिस्तीचे, सगळ्यांना ‘आपण’ म्हणणारे. इंटरव्ह्यूत त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आपलं वजन किती?”

“चौऱ्याण्णव किलो, साहेब.”

“उद्यापासून या!”

*

बोरिवलीचा शिकाऊ नेने एकदा विमान घेऊन आरे कॉलनीच्या गोठ्यांवर गेला आणि समोरून असला वारा लागला की विमान जागचं हलेना! पाऊण तासाने घामाघूम होऊन परतला.

“काय रे, काय पाहिलंस?”

“एक म्हैस! दूध काढायला बसले तिथपासून बादली भरेपर्यंत!”

*

याच नेनेने एकदा इंजिन फुल सोडलं, तरी विमान पुढे जाईना. काच सरकवून ओरडला, “सर, वारा फार आहे!”

परब मागून शांतपणे म्हणाला, “आधी शेपटीची दोरी सोड रे!”

*

नाहूरची सुषमा सावंत पहिल्यांदा एकटी उडणार होती, त्या दिवशी तिची आई क्लबात आली, ती मुलीचं नाव काढून घ्यायलाच. “खाली येवंदे, घराक नेतंय. पुरे झाली थेरां!”

सुषमा वर असतानाच वारा फिरला. दिशा दाखवणारा खांबावरचा कापडी मोजा फाटून उडून गेला. विमानात रेडिओ नाही. धावपट्टीच्या चुकीच्या टोकाने, वारा पाठीशी घेऊन उतरली असती तर पोरीची वाटच लागली असती.

कॅप्टन नेहमी शिकवायचे, मोजा दिसला नाही तर दोरीवरचं धुणं बघा. आता क्लबात धुणं कुठून आणायचं! त्यांनी रुमाल फडकवला, पण वरून तो काय दिसणार? तेवढ्यात त्यांची नजर आईकडे गेली. बाईंनी वाऱ्यामुळे लाल पदर कमरेला घट्ट खोचला होता.

कॅप्टन जिवाच्या आकांताने ओरडले, “बाई, पदर सोडा!”

“मेल्या, लाज नाय वाटत तुका?”

“अहो, वारा कुठला ते तिला दिसू दे!”

बाई मोकळ्यावर धावल्या. पदर सोडला, टोक धरून हात उंच केला. सुषमा अगदी डोक्यावरून गेली, वळली आणि दुसऱ्या टोकाने, वाऱ्याला तोंड देत उतरली. आम्ही पळत जाऊन पंखांना लटकलो. परब तर रडत होता.

कॅप्टन मान खाली घालून आईला म्हणाले, “माफ करा. न्या मुलीला घरी.”

बाईंनी पदर पुन्हा खोचला.

“उद्या किती वाजता उडतली ता सांगा. पिवळां लुगडां नेसान येतंय. लांबसून दिसता.”