दोन्ही बाजूंचे अर्ज लिहिणारे मुनशीजी

मुनशी अनंतराव केदारखेडकर यांची नि माझी ओळख परतूरच्या तहसील कचेरीच्या ओसरीवर झाली, आणि पहिल्याच दिवशी मला त्यांचा राग आला. माझ्या बांधाचा तंटा होता. मी सांगत गेलो, ते कचेरीच्या भाषेत, उर्दूत, लिहीत गेले. लिहून झाल्यावर म्हणाले, "आता एकेक वाक्य मी मराठीत सांगतो. ते तुम्ही मोठ्यानं म्हणायचं. मंग सही." मी मराठी चौथी शिकलेला माणूस. दहा लोकांदेखत शाळेतल्या पोरासारखा अख्खा अर्ज म्हटला आणि माझी जालन्याची गाडी चुकली. त्यांचा नियमच होता तो. ज्याचा अर्ज, त्याच्या तोंडून तो निघालाच पाहिजे.

पुढे माझे अक्षर बरे म्हणून त्यांनी मला नकला करायला ठेवून घेतले. तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी बसतो आणि काळजी करतो. गौरवलेखात गुण लिहावेत म्हणतात. यांचे गुणच असे आहेत की शेजारच्याची झोप उडावी.

आष्टीला बाजारात मारुतीचे देऊळ आणि मशीद समोरासमोर आहेत. एका वर्षी भजन आणि नमाज यांच्या वेळेवरून कुरबुर झाली. माझा पुतण्या नामदेव याने ठरवले की शुक्रवारी ऐन दुपारी, नमाजाच्या वेळी, ढोल-झांजा घेऊन मशिदीसमोर थांबायचे आणि भाषण करायचे. हे कळताच चाँदचाचा गाडीवाल्यांच्या मुलाने, करीमने, ठरवले की शनिवारी आरतीच्या वेळी मारुतीच्या पायरीशी उभे राहून उत्तर द्यायचे. आपल्या संस्थानात सभेला परवानगी लागते, आणि काय बोलणार तेही अर्जात लिहून द्यावे लागते. चांगली उर्दू लिहिणारे तालुक्यात एकच, अनंतराव. दोघेही त्यांच्याकडेच आले.

मी हात जोडले. "यातला एकही लिहू नका."

"का? गाऱ्हाणं सांगायचा हक्क दोघांनाही आहे."

"शिव्या द्यायचाही आहे काय?"

"ते त्यांनाच विचारू," म्हणाले, आणि दोघांना एकाच सकाळी बोलावले.

नामदेवाने पहिली दोन वाक्ये ठणकावून म्हटली. तिसरे मशिदीत येणाऱ्यांच्या घरच्या बायकांबद्दल होते. ते मी इथे लिहीत नाही. समोर बाकावर चाँदचाचा बसले होते. नामदेवाला गाडी हाकायला त्यांनीच शिकवलेले.

"पुढचं ऱ्हाऊ द्या, मुनशीजी."

"का? तिथं म्हणणार न्हाईस का?"

"तिथं म्हणीन की. इथं चाचा बसलेत."

"तिथं बी चाचाच असतील. नमाजाला दुसरं कोण येतंय?"

चाचा म्हणाले, "बोल रे. मी ऐकून राह्यलो. जल्दी बोल, बैलाला पाणी पाजायचंय."

नामदेवाने ते वाक्य काढायला लावले. मग करीमची पाळी आली. आरतीला मीही असतो; माझ्याकडे बघत बघत त्याचीही दोन वाक्ये गळाली. कुणी कुणाच्या गळ्यात पडले नाही. दोघे घुश्शातच गेले. पण अर्जात आता गाऱ्हाणे तेवढे उरले होते.

तहसीलदारांनी दोन्ही अर्ज नामंजूर केले. मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू. आष्टीत त्या शुक्रवारी काही झाले नाही. परवानगी नव्हती म्हणून, की नामदेवाची जीभ आधीच अडखळली होती म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही.

इथे हा विषय संपायला हवा होता. अनंतरावांनी तिसरा अर्ज लिहिला, स्वतःच्या नावाने. नमाजाची आणि आरतीची वेळ सोडून दोघांनाही त्याच चौकात बोलू द्यावे, तोंडच बंद करणे योग्य नाही, असा.

मी म्हणालो, "तुमचं काय अडलंय? भांडण मिटलंय ना?"

"मिटलं कुठं? वंगाळ होतं ते दोघांनी आपल्या हातानं काढलं. उरलं ते ऐकायला सरकारचं काय जातंय?"

तहसीलदारांनी त्यांना आत बोलावले आणि अर्ज लिहिण्याची सनद काढून घेतली. माफीनामा द्या, सनद घ्या, एवढीच अट. घरात सहा माणसे, आणि या माणसाला दुसरा धंदा येत नाही. मी माझ्या मोडक्या उर्दूत माफीनामा लिहून पुढे ठेवला. त्यांनी चुका दुरुस्त केल्या आणि सही न करता परत दिला. असे तीनदा झाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "अक्षर सुधारतंय तुमचं." अशा माणसाला काय म्हणावे?

मग पहाटे उठवून चार महिने त्यांनी मला उर्दू शिकवली आणि परीक्षेला बसवले. वयाच्या पन्नाशीत सनद मला मिळाली, आणि माझे गुरू आज माझ्या शेजारी बिनसनदीचे बसतात. उपकार झाले असे त्यांना कधी वाटले नाही. मला मात्र रोज वाटते, आणि संकोचही वाटतो.

आता त्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. सत्कार समितीने शाल-श्रीफळ ठरवले आहे. ते द्यावेच. पण नव्या तहसीलदारांकडे सनदीसाठी मी एक अर्ज तयार केला आहे. गेल्या वर्षीही केला होता. 'पूर्वी चूक झाली' एवढे एक वाक्य त्यात होते, म्हणून अनंतरावांनी सही केली नाही, आणि मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. यंदा ते वाक्य मी घातलेले नाही. माझ्या मनातून ते कधी गेले, ते मला कळले नाही.

परमेश्वराने त्यांना शंभर वर्षे द्यावीत, डोळे आणि हात धड ठेवावेत, आणि सत्काराच्या दिवशी तरी त्यांनी या कागदावर सही करावी.