माझं कोपर

आज चर्चमध्ये प्रवचन चालू असताना माझं कोपर आपोआप उजवीकडे गेलं. त्यात माझा काही दोष नाही. चाळीस वर्षं पाळकसाहेबांनी बायबल उघडलं की आमचे हे घोरायला लागायचे आणि मी कोपर मारायची. हे गेले, कोपराची सवय राहिली.

तेव्हापासून लोक यांची जागा अदबीने मोकळी सोडतात. सलाम करतात, हात हातात घेऊन म्हणतात, "प्रभू तुमच्यासोबत आहे, बाई," आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसतात. दुःखी माणसाला गोवर आल्यासारखं लांब ठेवायचं, तेही प्रेमाने! प्रभू सोबत आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो घोरत नाही. भरल्या चर्चमध्ये एवढी शांतता मला सोसत नाही.

आज मात्र गायकवाड मास्तर उशिरा आले आणि सरळ यांच्या जागेवर बसले. मला रागच आला. पाचव्या मिनिटाला ते घोरू लागले आणि माझं कोपर गेलं. मास्तर दचकून ताठ झाले आणि "आमेन!" म्हणून ओरडले. पाळकसाहेब इतके खूश झाले की प्रवचन चांगलंच लांबलं.

बाहेर पडताना मी ओशाळून माफी मागितली. मास्तर बरगडी चोळत म्हणाले, "राहू द्या हो. आमची ही गेल्यापासून मला कोणी उठवलंच नव्हतं."

मग चपला घालताना थांबले. "फक्त पुढच्या रविवारी जरा हळू मारा."